जोरात पळणारी, ताकदवान इंजिनाची गाडी रोज वापरणाऱ्यांनो, आत आवाज किती आणि धक्के किती? (अनुभव धागा: बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर)

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

आमचे आप्पा कानाला मशीन लावतात. कोल्हापूरला निघालो की काकतीपर्यंत गप्पा चालतात. वंटमुरीचा घाट मागे पडला, मी जरा गाडी सोडली, की ते मशीन काढून शर्टाच्या खिशात टाकतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. परवा कारण विचारलं. म्हणाले, "पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं होतंय रे. तू काय बोलतोस ते कळत नाही, नुसती घरघर."

गाडी दोन लिटर टर्बोची सेडान आहे, सेकंडहँड घेतलेली. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या भांडणात जाईल. टायर २२५/४० आर १८ (रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, चाक १८ इंची). इंजिन खणखणीत आहे, रोज ऑफिसलाही हीच नेतो. पण दुसऱ्या रेल्वे गेटचे रूळ ओलांडताना कॉफीचा कप मांडीवर सांडतो, हेही खरं.

तर कुठली गाडी, कुठले टायर, रोजचा रस्ता कुठला आणि नेमका कसला आवाज येतो, तेवढं लिहा. शून्य ते शंभर किती सेकंदांत जाते ते नको. ते यूट्यूबवर आहे.

उद्यमबागवाला

माझी व्हर्ना टर्बो, १६० पीएस (हॉर्सपॉवरसारखं इंजिनाच्या ताकदीचं माप), टायर २०५/५५ आर १६. कामच मशीनशॉपमधलं असल्याने आवाज मोजायची खोड आहे. फोनवरचं ॲप अचूक नसतं, पण एकाच फोनने, एकाच जागी ठेवून, एकाच पट्ट्यावर मोजलं तर दोन गाड्यांमधला फरक कळतो. मी हिरेबागेवाडी टोलच्या पुढचा सरळ पट्टा धरला. एसी बंद, काचा बंद, वेग ८०.

माझी गाडी आणि चुलतभावाची मोठ्या चाकांची गाडी यांत तीन-चार डेसिबलचा फरक आला. आकडा लहान वाटतो, पण तीन डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट. कानाला मात्र 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण दहा लागतात. म्हणून भावाला फरक पटेना, आणि मागे बसलेल्या वहिनींना लगेच पटला. मागची सीट चाकाच्या कमानीला (चाकावरच्या गोल पत्र्याला) चिकटून असते, पुढच्याला ते कुठून कळणार!

दोन आवाज वेगळे करायला शिका. डांबर गुळगुळीत झालं की जो एकदम कमी होतो तो टायरचा. रस्ता कसाही असला तरी वेगाबरोबर चढत जातो तो वाऱ्याचा. वाऱ्याच्या आवाजाची ताकद वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते, म्हणजे ८० वरून १०० ला गेलात की जवळजवळ पावणेचार पट. दाराच्या रबरात बोटभर फट असली तरी तिथून शिट्टी येते. कागदाचा कपटा दारात धरून दार लावा. कपटा सहज ओढून निघाला तर तिथलं रबर गेलं.

आणि धागाकर्ते, तुमच्या टायरची बाजू ९० मिलिमीटर उंच आहे, माझ्या टायरची ११३. चाकाचा एकूण घेर जवळपास सारखाच. मधल्या त्या तेवीस मिलिमीटर रबर आणि हवेत तुमची कॉफी आहे बघा.

चिकोडीचा पाटील

आमच्याकडं उलटं हाय. तुम्ही शहरातली माणसं म्हणता कडक सस्पेन्शन म्हणजे तरास. आमच्या चिकोडी-रायबाग भागात खाली काळी माती. पावसात फुगती, उन्हात आकसती, त्यामुळं वरचं डांबर लाटा लाटा होऊन बसतंय. खड्डा दिसत न्हाई, रस्ता नवा दिसतोय, पण गाडी होडीगत झुलती.

आधी माझ्याकडं मोठी मऊ एसयूव्ही होती. घरातल्यांना अथणीपर्यंत जायचं म्हटलं की लिंबू आणि पिशवी संगट घ्यायची. आता व्हर्टस जीटी हाय, १५० पीएस. लाटेवर एकदा वर जाती, एकदा खाली येती, आणि गप्प बसती. तीन-तीनदा झुलत न्हाई. बारके धक्के कळत्यात, न्हाई असं न्हाई, पण दोन वर्षांत पिशवी काढायची पाळी आली न्हाई. पोटाला झोका वाईट, पाठीला धक्का वाईट. आमच्यात पोटाचं दुखणं जास्त!

आवाजाचं म्हणाल तर ऊसाच्या सीझनला ट्रॅक्टरवर जी गाणी लागत्यात त्यापुढं टायरचा आवाज कुणाला ऐकू येतोय.

जांबोटी रोड

पाटील, तुमची काळी माती, आमचा तांबडा दगड आणि पाऊस. खानापूर-जांबोटी-कणकुंबी करत महिन्यातून दोनदा चोर्ला घाटाने गोव्याला जातो. पावसाळ्यात रस्त्याच्या कडा तुटतात आणि खडी सुटी होते. ती चाकाच्या कमानीत उडाली की आत लाह्या फुटल्यासारखा तडतडाट.

पहिल्या पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा आला. तो पंक्चरसारखा दुरुस्त होत नाही, आतले धागे तुटलेले असतात, टायर टाकूनच द्यावा लागतो. दुसऱ्यांदा तसंच झाल्यावर सतरा इंची चाकं काढून कंपनीने खालच्या मॉडेलला दिलेली सोळा इंची घातली. घेर तोच राहील हे बघितलं, आणि सोळाचं चाक पुढच्या ब्रेकवर बसतं का तेही. (मोठ्या ब्रेकच्या गाडीला कधी कधी बसत नाही, आधी तपासा.) वळणावर गाडी थोडी सैल वाटते. मित्र हसतात. हसू देत.

शहापूरची

माझी ईव्ही६, चारही चाकं ओढणारी, ३२५ पीएस. लोकांना वाटतं इलेक्ट्रिक म्हणजे शांत. वीस-तीसच्या वेगात आहेच. पण इंजिनाचा आवाज बाकीच्या आवाजांवर पांघरूण घालत असतो, ते पांघरूणच गेलं की सगळं उघडं पडतं. आपल्या स्मार्ट सिटीतल्या सिमेंटच्या रस्त्यांवर आडव्या खाचा आहेत ना, तिथे टायर चक्क सूर धरतो, आणि वेग बदलला की सूरही बदलतो.

गाडी घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डमधून टिक-टिक सुरू झाली. सर्व्हिस सेंटरला दोनदा दाखवली. "मॅडम, नॉर्मल आहे" म्हणाले. हुबळीला जाऊन येईपर्यंत डोकं उठायचं. शेवटी एका रविवारी नवऱ्याला गाडी चालवायला बसवलं आणि मी पुढच्या सीटवर डॅशबोर्डला कान लावून बसले. कपिलेश्वराला पूजा केली तेव्हा सासूबाईंनी काचेखालच्या फटीत ठेवलेली सुपारी आत घरंगळली होती! आता ती देव्हाऱ्यात आहे. पेट्रोल गाडीत ती सुपारी दहा वर्षं सुखाने राहिली असती.

निपाणी

दारांना डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या चिकटपट्ट्या) मारून घेतल्या. दार आता 'थप्प' असं भारी लागतं, स्पीकरही सुधारला. रस्त्याचा आवाज होता तिथेच. तो दारातून कमी आणि फरशीतून, कमानीतून जास्त येतो, हे पैसे गेल्यावर कळलं. तवंदी घाटाबद्दल लिहिणार होतो, पण तिथे ट्रकमागे वीसच्या वेगाने जाताना सगळ्याच गाड्या शांत असतात.

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

सगळ्यांना धन्यवाद. उद्यमबागवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे कागदाचा कपटा लावून पाहिला, रबर ठीक आहे. मग सकाळी गाडी थंड असताना हवा मोजली. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर तीन माणसांसाठी ३३ लिहिलंय, टायरमध्ये ४०. हवा भरणारा पोरगा विचारतच नाही, सगळ्यांना सारखी मारतो, आणि मीही कधी बघितलं नाही. शिवाय मागच्या टायरवर तळहात उलटसुलट फिरवला तर एका बाजूने करवतीच्या दात्यांसारखं लागतं. चाकांची अलाइनमेंट गेलेली असणार. म्हणजे निम्मी घरघर त्या दात्यांची.

हवा ३३ केली. रूळ ओलांडताना कॉफी कपातच राहिली. टायर बदलायचे ते दिवाळीनंतर, आणि त्याच मापाचे की जरा जाड बाजूचे, ते जांबोटी रोडवाल्यांना फोन करून ठरवीन.

कालच कोल्हापूरला जाऊन आलो. आप्पांचं मशीन हत्तरगी टोलपर्यंत कानात होतं. घरघर थोडी आहेच. पण संकेश्वरच्या अलीकडे मी एका टँकरला डावीकडून काढलं, तर मागून स्वच्छ आवाज आला, "कळतंय का काही, की हॉर्न वाजतोय तेवढंच कळतंय?"