मदत हवी आहे: साडेनऊ दिवसांच्या उंदीर-भ्रूणात पायांच्या कळ्या कोऱ्या का?

नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, महिनाभर एकाच जागी अडकले आहे. जाणकारांनी कृपया बघावं.

सॉनिक हेजहॉग हे संदेशवाहक प्रथिन उंदराच्या भ्रूणात कुठे आणि कधी बनतं, ते होल-माउंट इन सिटूने (अख्ख्या भ्रूणात त्याचा आरएनए रंगवून) बघते आहे. डिगॉक्सिजेनिनची खूण लावलेला प्रोब (त्या आरएनएला चिकटणारा तुकडा), ७० अंशांवर रात्रभर, शेवटी जांभळा रंग देणारं एनबीटी-बीसीआयपी. प्लग (समागमाची खूण) दिसला त्या दिवशीची दुपार ०.५ धरून ९.५ व्या दिवशी भ्रूण काढले. नोटोकॉर्ड (पाठीच्या मधला दांडा) आणि फ्लोअर प्लेट (मज्जानलिकेचा तळ) गडद जांभळे आलेत. पण पायांच्या कळ्या कोऱ्या! आठांपैकी एकाच भ्रूणात, पुढच्या कळीच्या मागच्या कडेला सुईच्या टोकाएवढा ठिपका आहे. १९९६ साली या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत पायांची टोकं नीट घडलीच नव्हती, म्हणजे कळीत ते हवंच ना? प्रोटिनेज-के (प्रोब आत शिरावा म्हणून ऊती सैल करणारं विकर) कमी पडलं असेल का?

शिवाय थेट प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीचा पट्टा प्रोबच्या पट्ट्यापेक्षा रुंद येतो. अँटिबॉडी बाद समजू का? पुन्हा उंदीर मारण्याआधी नक्की कळायला हवं, उगाच जीव घ्यायला मन धजत नाही.

प्रतिसाद १
प्रोब उत्तम आहे. नोटोकॉर्ड इतकं आत असून रंगलं, मग वरवरची कळी कशी सुटेल? सोमाइट (पाठीलगतचे खंड, वयाबरोबर वाढत जातात) मोजलेत का? एकाच वेतातली भ्रूणंही पुढेमागे असतात. साडेनऊला साधारण २१ ते २९ सोमाइट असतात आणि पुढच्या कळीत हे जनुक जेमतेम त्याच सुमारास जागं होतं. मागची कळी आणखी अर्धा दिवस मागे. साडेदहाचे भ्रूण घ्या, मागच्या कडेला ठसठशीत डाग दिसेल.

अँटिबॉडी टाकू नका. प्रोब आरएनए दाखवतो, म्हणजे प्रथिन बनण्याची जागा. प्रथिन मात्र स्वतःलाच कापतं, त्याच्या १९ किलोडाल्टनच्या तुकड्याला कोलेस्टेरॉल आणि पाल्मिटेट जोडले जातात आणि तो शेजारच्या पेशींपर्यंत पसरतो. पट्टा रुंदच यायला हवा. संदेश कुठवर पोचला ते बघायचं तर संदेश मिळाला की जागी होणाऱ्या ग्लि-१ किंवा पॅच्ड-१ या जनुकांचा प्रोब लावा.

धागाकर्ती
आत्ताच मोजून आले. ठिपकेवाला २९ सोमाइटचा, बाकी सगळे २३ ते २६! मनापासून आभार. साडेदहाचे काढले की फोटो इथेच टाकते. ग्लि-१ चा प्रोब शेजारच्या लॅबमध्ये आहे, उद्या मागते.