इंग्लंडची वाईन प्यायलीय का कुणी?

द्राक्षवेल: केंटला राहायला येऊन वर्ष झालं, आजूबाजूला द्राक्षाचे मळेच मळे आहेत पण आम्ही अजून फ्रान्सचीच बाटली उचलतो. इथली कुठून सुरू करू?

निवांत: स्पार्कलिंगपासून, म्हणजे बुडबुड्यांच्या वाईनपासून कर, तीच इथली खरी ताकद. ससेक्स, केंटच्या बऱ्याच मळ्यांत फ्रान्सच्या शॅम्पेन भागासारखीच चुनखडीची जमीन आहे आणि द्राक्षंही तीच, शार्डोने, पिनो न्वार, पिनो म्युनिए. हवा थंड असल्याने आंबटपणा टिकतो, तोच स्पार्कलिंगला लागतो. ससेक्सच्या नायटिंबर वायनरीने 1988 मध्ये वेली लावल्या तेव्हा इथे असं काही होईल यावर फार कुणाचा विश्वास नव्हता, आता शॅम्पेनवाले तेतांजेसुद्धा केंटमध्ये मळा घेऊन बसलेत!

सायंकाळ: साधी व्हाईट हवी तर बॅकस द्राक्षाची घे, एल्डरफ्लावर आणि ताज्या कापलेल्या गवतासारखा वास येतो, मला तर जाम आवडते. आणि हो, लेबल नीट वाच. 'इंग्लिश वाईन' म्हणजे इथल्याच द्राक्षांची, नुसतं 'ब्रिटिश वाईन' लिहिलेलं असेल तर ती बाहेरून आणलेल्या द्राक्षरसाची असते, बरेच जण इथेच फसतात.

द्राक्षवेल: अरे हे माहीतच नव्हतं! टेंटरडेनला चॅपल डाउन वायनरी जवळच आहे, या शनिवारी जातेच.