उन्हाळा ट्रेलरच्या बाहेरच जगायचा

गाडीमागे जोडून न्यायच्या छोट्या ट्रेलर-घराची उन्हाळ्यात भट्टी होते, एसीशिवाय तिथे कायम राहणं अशक्य, हे तुमचं म्हणणं दुपारपुरतं खरं आहे. पण मला वर्षातले हेच महिने सर्वांत प्रिय आहेत, कारण तेव्हा घर दाराबाहेर पसरतं. छत्रीसारखं उघडणारं कापडी छप्पर ताणलं, खाली टेबल-खुर्च्या मांडल्या की दिवाणखाना तयार! स्वयंपाकही तिथेच, आत शेगडी पेटवली तर तेवढ्याशा जागेत उष्णता नि वाफ रात्रीपर्यंत कोंडून राहते. वारा सुटला की मात्र छप्पर लगेच गुंडाळा.

उभं करतानाच ट्रेलरची अरुंद बाजू पश्चिमेला ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन लांब भिंतीवर येत नाही. खिडक्यांना ऊन परतवणारी चकचकीत आवरणं लावायची तर बाहेरून. आतून लावल्यास काच तापून उष्णता आत येतेच. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची उष्णता बाहेर टाकणारी भिंतीवरची जाळी सावलीत हवी. संध्याकाळी छताचा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावून सावलीकडची एकच खिडकी उघडा.

तरीही सोसेना तर ट्रेलर घेऊन उंच डोंगराळ भागात चढा. दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं, आणि आपल्या घराला तर चाकं आहेत!