पहिलटकरणीला पुस्तकं लागतात का? तुमचे अनुभव लिहा

नौपाड्याची माई:
भाचीला सातवा लागलाय. काल गोखले रोडला भेटली, पिशवीत बाळसंगोपनाची चार जाडजूड पुस्तकं. "मावशी, तू कुठलं वाचलं होतंस?" मी मराठी ग्रंथ संग्रहालयातून एकच आणलं होतं. ते आधी सासूबाईंनी वाचलं आणि समासात जागोजाग पेन्सिलीने 'चूक' लिहून ठेवलं! दंड मी भरला. तुम्ही वाचलीत का? कामी आली?

घोडबंदरवासी:
संध्याकाळी सात ते दहा पोरगी अंगावरून सुटायचीच नाही. घरात एकच धोशा, दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला लंगोट किती ओले होतात? सहा-सात. वजन वाढतंय? हो. मग पुरतंय, घरी जा. पुस्तकात शंभर पानं स्तनपानावर होती, त्यात हे दोन प्रश्न कुठेतरी बुडालेले. भाचीला म्हणावं तेवढं पान दुमडून ठेव.

खारघरकर:
माझ्या सासूबाई मधाचं बोट घेऊन आल्या तेव्हा पुस्तकच कामी आलं. वर्षाच्या आत मध नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो. म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला चाटवला होता, काय झालं त्याला?" मी नुसतं नवऱ्याकडे बघितलं.

माई:
@खारघरकर 😂😂

पाचपाखाडीचे आजोबा:
पुस्तक घेताना आवृत्तीचं साल बघा. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं १९४६ चं पुस्तक जगभर गाजलं. त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत बाळाला पालथं झोपवायला सांगितलं होतं. आता डॉक्टर उताणंच झोपवायला सांगतात, पालथं झोपवल्यास झोपेत अचानक दगावण्याचा धोका वाढतो म्हणून. सुनेने माझं जुनं पुस्तक रद्दीत दिलं. बरं केलं.

बेलापूर_नवी:
बाळ-बाळंतिणीला आंघोळ घालणाऱ्या मावशी आहेत का कुणाच्या ओळखीत? नेरूळच्याही चालतील.

वाशीची:
@बेलापूर_नवी व्यनि (खाजगी निरोप) केलाय. नाका-कानात तेल घालू देऊ नकोस, आधीच सांग. बेंबीलाही काही लावायचं नाही.

कळवा_लोकल:
पुस्तकात सगळं बाळाचंच, आईसाठी शेवटी एक प्रकरण. आणि मी तिथवर पोचलेच नाही. घरी आल्यावर काही कारण नसताना रडायचे, ताईला वाटलं दृष्ट लागली. पहिले काही दिवस असं बऱ्याच जणींना होतं. पण दोन आठवडे उलटले तरी उतरलं नाही तर डॉक्टरांना सांगायचं. माझं उतरलं नव्हतं. उपचार घेतले, आता ठीक आहे.

माई:
@कळवा_लोकल बरं झालं लिहिलंस गं. मिठी.

घोडबंदरवासी:
अरे हो, सरकारी दवाखान्यात माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. वजनाचा तक्ता, लसी, सगळं त्यात. सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस मी त्यावरूनच सांभाळले. बाकी पुस्तकं पंख्याखाली फडफडत पडली होती.

बेलापूर_नवी:
मावशी ठरल्या, थँक्यू 🙏 आता अळिवाचे लाडू कोण सांगेल? अळीव दुधात भिजवायचे ना?

वाशीची:
नारळपाण्यात. मग ओलं खोबरं नि गूळ घालून मंद आचेवर ठेव. फार आटवू नकोस, दगड होतात.

पाचपाखाडीचे आजोबा:
जायफळ विसरलात.