मदत हवी आहे: भाच्याच्या हाताचं जुनं फ्रॅक्चर, आता ऑपरेशन करावं का?

नमस्कार मंडळी. भाच्यासाठी लिहितोय. वय १३, आठवीत आहे, उजवा हात. गेल्या वर्षी मे महिन्यात आंब्यावरून पडला. तालुक्याला एक्स-रे काढला, हाताचं एक हाड मोडलंय म्हणून प्लास्टर घातलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलेलं होतं, जरा वाकडं होतं, पण वाढीच्या वयात सरळ होईल म्हणाले. कोपर पूर्ण दुमडत नव्हतं, ते आखडलंय असं सगळ्यांनी धरलं. मग हाडवैद्याकडून तेल लावून चोळून घेणंही झालं.

यंदा ताईच्या लक्षात आलं की कोपराच्या खळगीत सुपारीएवढं टणक काहीतरी लागतंय. त्यावर अंगठा ठेवायचा आणि त्याला हात उताणा-पालथा करायला सांगायचा, की ते अंगठ्याखाली गोल फिरतं. ते रेडियसचं (कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचं हाड) डोकं, म्हणजे कोपराकडचं टोक, सांध्यातून निसटून पुढे आलेलं.

पुण्याला लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला आणि पेन्सिलीने रेडियसच्या मधोमध रेघ ओढली. एक्स-रे कुठल्याही बाजूने काढलेला असो, ही रेघ दंडाच्या हाडाच्या खालच्या गोलाईच्या मध्यातून गेली पाहिजे. याची वरूनच निघून गेली. मग जुनी फिल्म बघितली, तर तिच्यात मनगट अख्खं आणि कोपर कडेला अर्धं कापलेलं. अल्ना (करंगळीकडचं हाड, याचं तेच मोडलं होतं) मोडली की रेडियस कोपरात निसटलाय का हे बघायचंच असतं म्हणे. या दुखापतीला माँटेजिया म्हणतात. मिलानच्या याच नावाच्या सर्जनने ती १८१४ साली लिहून ठेवली, एक्स-रेचा शोध लागायच्या ऐंशी वर्षं आधी! असो, त्यावर चिडून आता हात जागेवर यायचा नाही.

सध्या कोपर ११० अंशांपर्यंत दुमडतं, दुसरं १४० पर्यंत जातं. तळहात पूर्ण उताणा होत नाही. दुखणं जवळजवळ नाही, भरलेली बादली उचलली तरच. बोटं, अंगठा सगळं नीट उचलतो, म्हणजे नस शाबूत आहे. चोळणं मात्र डॉक्टरांनी ताबडतोब बंद करायला लावलं, त्याने सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होऊ शकतं. (त्यामुळे तेलं आणि लेप कृपया सुचवू नका.)

ते म्हणतात ऑपरेशन करा, आणि लवकर करा. अल्ना पुन्हा कापायची, थोडी लांबवून मागच्या बाजूला बाक देऊन प्लेट लावायची, सांधा उघडून रेडियस जागेवर बसवायचा. बसत नसेल तर दंडाच्या मागच्या स्नायूच्या पट्टीतून नवं लिगामेंट (हाड जागेवर धरून ठेवणारा पट्टा) करायचं. नंतर प्लास्टर, मग फिजिओ. डोकं पुन्हा निसटू शकतं, नसेला इजा होऊ शकते, कापलेलं हाड जुळायला त्रास देऊ शकतं, आणि हात फिरवणं आजच्यापेक्षा कमीही होऊ शकतं, हे त्यांनी आपणहून सांगितलं. म्हणूनच त्यांच्यावर माझा विश्वास बसला.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत उलट. वर्ष उलटून गेलंय, मुलगा मोठा झालाय, रेडियसच्या डोक्याचा खोलगट भाग सपाट होत असेल तर ते बसवूनही टिकत नाही. हात चालतोय, तर कशाला हात लावता? पुढे दुखलं तर वाढ थांबल्यावर डोकं काढून टाकता येतं. पण तसंच ठेवलं तर कोपर बाहेरच्या बाजूला वाकत जाऊ शकतं, काही वर्षांनी नस ताणली जाऊन बोटांना मुंग्या येऊ शकतात, हे त्यांनीही नाकारलं नाही.

दाजी म्हणतात चालत्या हाताला सुरी कशाला. ताईला आत्ताच करायचंय. पोराला पोलीस भरतीत जायचंय, त्याचा एकच प्रश्न: मेडिकलला कोपराचा कोन बघतात, तिथे काय चालेल, वाकडं कोपर की ऑपरेशनचा व्रण? याचं उत्तर मला देता आलं नाही. भरतीतलं कुणी इथे असेल तर सांगा.

माझा कल असा, की आधी कोपराचा एमआरआय करून रेडियसच्या डोक्याचा आकार बघावा. खोलगट राहिलं असेल तर ऑपरेशन, घुमटासारखं झालं असेल तर थांबायचं. दोन्ही डॉक्टरांचं भांडण मुळात तिथेच अडकलंय असं मला वाटतं. इथे कुणी ऑर्थोपेडिकवाले असतील तर हा विचार बरोबर आहे का, की ऑपरेशन टेबलावर उघडल्याशिवाय काही कळत नाही?

ज्यांच्या मुलांचं हे ऑपरेशन या वयात झालंय त्यांनी वर्षभरानंतर हात किती फिरतो ते लिहा, "छान आहे" एवढंच नको. आणि लहानपणी असंच राहून गेलेलं, आता तिशी-चाळिशीत असलेलं कुणी असेल तर त्यांचं तर हवंच.

खर्चाचंही विचारतो. महात्मा फुले योजनेत हे बसतं का? रेशन कार्ड केशरी आहे. मुंबईत वाडियाला दाखवा असं एकाने सुचवलंय, तिथे जुन्या फ्रॅक्चरसाठी कुठल्या वारी ओपीडी असते? डॉक्टरांना दिवाळीच्या सुट्टीतली तारीख हवी असेल तर या आठवड्यात कळवायचंय.