मदत हवी आहे: चार विभागांचा संशोधन डेटा एकत्र खुला करताना माहिती देणाऱ्यांना दिलेला शब्द कसा पाळावा?

नमस्कार.

मी सोलापुरातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. गेली तीन वर्षे आमचा विभाग आणि रसायनशास्त्र, अर्थशास्त्र व मराठी हे विभाग मिळून सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांतील सात गावांत विहिरींचा अभ्यास करत आहोत. आम्ही पाणीपातळी मोजली. रसायनशास्त्राने त्याच विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट आणि फ्लोराइड तपासले. अर्थशास्त्राने त्या पाण्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबांची पिके, कर्ज आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर यांची नोंद घेतली, तर मराठी विभागाने वयस्कर स्त्रियांकडून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आणि जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. हा सर्व डेटा इतरांना वापरता येईल अशा रीतीने खुला करावा, याबद्दल आमच्या चौघांत दुमत नाही. सर्वेक्षणाला गेल्यावर जवळजवळ प्रत्येक गावात कुणी ना कुणी विचारलेच, की मागच्यांनी पण लिहून नेले होते, त्याचे पुढे काय झाले. पुढच्या संशोधकाने त्याच माणसांना तेच प्रश्न पुन्हा विचारू नयेत, एवढ्या एका कारणासाठीही हे काम करणे मला आवश्यक वाटते.

अडचण डेटा एकत्र आणायला बसलो तेव्हा सुरू झाली. माझ्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक विहीर, रसायनशास्त्राच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे पाण्याची एक बाटली आणि अर्थशास्त्राच्या तक्त्यात एक कुटुंब. एका विहिरीत तीन भावांचा हिस्सा असतो, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, आणि त्यातल्याच एखाद्या भावाचा दुसऱ्या विहिरीत चार आणे हिस्सा असतो. त्यामुळे विहीर आणि कुटुंब यांची जोडी सरळ लागत नाही. विहिरीची खोली काही जणांनी फुटांत सांगितली होती, काहींनी परसांत. रिकाम्या रकान्याने तर आम्हाला सर्वांत जास्त फसवले. माझ्याकडे रिकामा रकाना म्हणजे त्या दिवशी मोजणी झाली नाही, रसायनशास्त्राकडे तो घटक यंत्राच्या मोजमापाच्या मर्यादेखाली होता, आणि अर्थशास्त्राकडे उत्तर देण्यास नकार मिळाला. तिन्ही तक्ते जोडून सरासरी काढली तेव्हा कोरड्या पडलेल्या विहिरींचे गाव पाणीदार दिसू लागले.

गट क्रमांकांचीही तीच गत झाली. ‘७/२’ या हिश्श्याचे एक्सेलने ‘७ फेब्रुवारी’ करून टाकले होते आणि ते आमच्या लक्षात दोन महिन्यांनी आले. (सॉफ्टवेअरच्या याच सवयीमुळे २०२० मध्ये काही मानवी जनुकांची अधिकृत नावे बदलावी लागली, हे नंतर रसायनशास्त्राच्या सरांनी सांगितले.) मराठी विभागाच्या जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फाँटमध्ये असल्यामुळे दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हे दिसत होती. या गोष्टी वेळखाऊ आहेत, पण सुटतात. त्या आम्ही बऱ्याच अंशी सोडवल्या आहेत आणि त्यांच्यासाठी हा धागा काढलेला नाही.

माझा खरा प्रश्न पुढे आहे. रसायनशास्त्राच्या तक्त्यात एकाही माणसाचे नाव नाही, फक्त विहिरीचे अक्षांश-रेखांश आहेत आणि तेही दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत, म्हणजे साधारण एका मीटरच्या अचूकतेने. अर्थशास्त्राच्या तक्त्यातून नावे काढून टाकली आहेत, मात्र कुटुंब कोणत्या विहिरीवर अवलंबून आहे तो क्रमांक ठेवला आहे, कारण तोच नसेल तर दोन्ही अभ्यास एकमेकांना जोडताच येणार नाहीत. आता अक्षांश-रेखांशावरून गट कळतो, आणि गट क्रमांक कळला की सातबारा संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो, त्यावर खातेदारांची नावे असतात. अमुक शेतकऱ्याने सावकाराकडून कर्ज घेतले आहे, हे आमच्यापैकी कुणीही लिहिलेले नसताना चार फायली शेजारी ठेवल्या की ते वाचता येते. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवून दिले होते की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक ओळखता येण्याजोगे आहेत. आमच्या गावांत तर एक विहीर पुरते.

यापेक्षाही अवघड गोष्ट मराठी विभागाची आहे. ओव्या सांगणाऱ्या आजींचे नाव देणे तिथे आवश्यक मानले जाते, आणि मला ते पूर्णपणे पटते. ज्या स्त्रीने साठ वर्षे ओव्या जपल्या तिला ‘माहितीदार क्रमांक १४’ म्हणणे हा अन्यायच होईल. आजींनीही नाव द्या असे आग्रहाने सांगितले आहे. परंतु त्याच आजींच्या घरी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सर्वेक्षण केले तेव्हा नाव कुठेही येणार नाही असा शब्द दिला होता. एकाच घराला आम्ही एका कागदावर नाव देण्याचे आणि दुसऱ्या कागदावर नाव लपवण्याचे वचन दिले आहे. आपापल्या विद्याशाखेत दोन्ही वचने योग्य होती.

म्हणून जाणकारांना विचारते. विहिरीचे स्थान दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत, म्हणजे साधारण एका किलोमीटरपर्यंत, ढोबळ केले तर माणसे झाकली जातील. पण शेजारच्या दोन विहिरींपैकी एकीत नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या आत आणि दुसरीत कितीतरी पट जास्त का, हा रसायनशास्त्राचा मूळ प्रश्नच नाहीसा होईल. अशा वेळी कुणाला झुकते माप द्यावे? चारही संच एकाच नोंदीखाली ठेवावेत की वेगवेगळे? आणि संमती नव्याने घ्यावी लागेल काय?

प्रतिसाद

मॅडम, मी विद्यापीठीय ग्रंथालयात काम करतो आणि संशोधकांचे डेटासंच जमा करून घेण्याचे काम काही वर्षे केले आहे. आपली अडचण नेमकी आहे, म्हणून मीही नेमकेच लिहितो.

चार संच चार स्वतंत्र नोंदी म्हणून ठेवावेत, प्रत्येकाला स्वतःचा डीओआय (कायमस्वरूपी ओळख क्रमांक) घ्यावा आणि मेटाडेटामध्ये, म्हणजे संचाच्या वर्णनात, ते परस्परसंबंधित असल्याचे नमूद करावे. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने २०१३ पासून चालवलेल्या झेनोडो या डेटा-संग्रहावर हे विनामूल्य करता येते, आणि तिथे नोंदीचे वर्णन सर्वांना दिसते पण फाइल मात्र विनंती करणाऱ्यालाच मिळते, अशी सोयही आहे. २०१६ मध्ये मांडलेली ‘फेअर’ तत्त्वेसुद्धा डेटा सापडावा, मिळवता यावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा एवढेच म्हणतात; प्रत्येक फाइल उघडी टाका असे ती म्हणत नाहीत.

विहीर आणि कुटुंब यांना जोडणारा क्रमांक हीच तुमच्या डेटाची किल्ली आहे. ती कोणत्याही खुल्या फाइलमध्ये ठेवू नका. रसायनशास्त्राला अचूक स्थान द्या, कारण पाण्याची गुणवत्ता कळण्यात गावाचेही हित आहे, पण कुटुंबांच्या तक्त्यात विहिरीऐवजी फक्त गाव ठेवा, आणि गावही लहान असेल तर दोन गावांचा गट करा. कोणते कुटुंब कोणत्या विहिरीवर, हे सांगणारा जोडतक्ता वेगळा, बंद ठेवून लेखी हमी देणाऱ्या संशोधकालाच द्यावा. म्हणजे कुणालाही झुकते माप देण्याची वेळ येणार नाही.

परवान्याबाबत एक सावधगिरी बाळगा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना खुल्या वापराची मुभा देणारा, परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. मोजणीच्या तक्त्यांना श्रेयासह वापराचा परवाना बिनदिक्कत द्यावा. ध्वनिमुद्रणांबाबत मात्र घाई करू नये, कारण नाव वगळले तरी आवाज ओळखू येतोच, शिवाय आठवणी सांगताना आजी शेजाऱ्यांचीही नावे घेतात आणि त्या शेजाऱ्यांनी संमती दिलेली नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी अटींसह सवलत आहे, परंतु आपण माणसाला दिलेल्या शब्दातून कोणताही कायदा आपल्याला सोडवत नाही. संमती नव्याने घ्या, आणि शक्य असेल तर चारही विभागांनी एकत्र जाऊन एकाच कागदावर घ्या.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. जोडतक्ता हाच वेगळा, बंद संच मानायचा, हे आमच्या चर्चेत एकदाही आले नव्हते. प्रत्येक विभाग दुसऱ्याला आपली फाइल झाकायला सांगत होता आणि त्यावरून दोन बैठका कटू झाल्या होत्या. आज आपला प्रतिसाद सर्वांसमोर वाचून दाखवला आणि अर्थशास्त्राच्या सरांनी लगेच विहिरीचा रकाना काढण्यास मान्यता दिली. रिकाम्या रकान्यांसाठी ‘मोजले नाही’, ‘मर्यादेखाली’, ‘उत्तर दिले नाही’ आणि ‘विहीर कोरडी’ असे चार स्वतंत्र संकेत ठरवले असून प्रत्येक संचासोबत त्यांचे मराठीतील स्पष्टीकरण जोडणार आहोत.

ज्वारीची काढणी आणि मळणी उरकली की लोक निवांत असतात. तेव्हा आम्ही चौघे सातही गावांत पुन्हा जाऊ, आमच्या नोंदी त्यांना वाचून दाखवू, प्रत्येकाला त्याच्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल हातात देऊ आणि मगच संमती मागू. आजींकडे ओव्यांची संमती आणि सर्वेक्षणाची संमती असे दोन वेगळे कागद नेण्याऐवजी एकाच कागदावर दोन ठळक भाग करू, म्हणजे नाव कुठे येणार आणि कुठे येणार नाही हे त्यांच्यासमोर एकाच वेळी स्पष्ट होईल.

दोन गोष्टींसाठी अजून मदत हवी आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवून तोंडी संमती ध्वनिमुद्रित करता येईल, असा साध्या मराठीतील संमतीपत्राचा नमुना कुणाकडे असल्यास कृपया येथे द्यावा. दुसरे असे, की ओव्या सांगणाऱ्यांपैकी दोन आजी आता हयात नाहीत. नाव द्या असे त्या स्वतः म्हणाल्या होत्या, पण त्यांचा आवाज जगभर कुणालाही ऐकता येईल, हे त्या वेळी आम्ही त्यांना सांगितले नव्हते. त्यांच्या मुलींना विचारणे पुरेसे आहे की ती ध्वनिमुद्रणे बंदच ठेवावीत? ज्यांनी असे प्रसंग हाताळले आहेत त्यांनी काय केले, ते जाणून घ्यायचे आहे.