विंडो जागची का हलत नाही: एक्स११ आणि वेलँड

लिनक्सवर विंडो हलवण्यासाठी किंवा तिचा आकार बदलण्यासाठी असलेल्या ‘डब्ल्यूएमसीटीआरएल’ (wmctrl) या टूलची कमांड बिनचूक देऊनही कधी कधी विंडोचा आकार बदलत नाही. याला दोन वेगळी कारणे संभवतात. विंडो मॅक्सिमाइझ केलेली असेल, तर बहुतेक विंडो मॅनेजर (विंडोंची जागा आणि आकार सांभाळणारे प्रोग्रॅम) नव्या मापांकडे दुर्लक्ष करतात. म्हणून आधी तिची उभी आणि आडवी अशा दोन्ही दिशांची मॅक्सिमाइझ स्थिती काढावी आणि मगच माप द्यावे. त्या मापातील पाच आकड्यांपैकी पहिला ग्रॅव्हिटीचा (विंडोचा कोणता बिंदू धरून जागा मोजायची त्याचा) असतो, त्यानंतर डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी आणि उंची हा क्रम येतो. या शेवटच्या चारपैकी जे बदलायचे नाही तिथे उणे एक लिहावे.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. ही कमांड एक्स११ या पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेसाठी लिहिलेली आहे, आणि तिची जागा घेणाऱ्या नव्या वेलँडमध्ये सामान्य प्रोग्रॅमला स्वतःची विंडो पडद्यावर नेमकी कुठे ठेवायची हे ठरवता येत नाही, इतरांच्या विंडो हलवणे तर दूरच. तो अधिकार कंपोझिटरकडे, म्हणजे सर्व विंडो एकत्र करून पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रॅमकडे असतो. सुरक्षेच्या दृष्टीने मला हा निर्णय योग्य वाटतो, मात्र त्यामुळे उपाय प्रत्येक डेस्कटॉपगणिक वेगळा होतो. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये ‘विंडो रूल्स’ उत्तम आहेत: तिथे जागा आणि आकार यांसाठी फक्त सुरुवातीला लागू होणारा, कायम सक्तीचा किंवा शेवटची स्थिती लक्षात ठेवणारा नियम निवडता येतो. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये त्यासाठी एक्स्टेन्शन (वेगळे जोडायचे पूरक) घ्यावे लागते. म्हणून आपले सेशन एक्स११चे आहे की वेलँडचे, हे ‘एक्सडीजी सेशन टाइप’ (XDG_SESSION_TYPE) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून, म्हणजे सिस्टिमने साठवलेल्या नावाच्या मूल्यावरून, आधी तपासावे.